थोरल्या मेहुण्यांचं वेळापत्रक

"आज काय करायचं?" हा प्रश्न आमच्या थोरल्या मेहुण्यांनी जितक्या लोकांना विचारला असेल, तितका अख्ख्या बडोद्यात कुणी कुणाला विचारला नसेल. बायकोला विचारत, दूधवाल्याला विचारत, एकदा तर चुकीचा नंबर लागलेल्या माणसालाही त्यांनी विचारलं आणि त्याच्याशी वीस मिनिटं बोलले. आमच्या हिचे हे सख्खे भाऊ. पंचवीस वर्षं प्रोग्रॅम लिहून, शेवटी स्वतःची कंपनी विकून पन्नाशीच्या आत सुभानपुऱ्यात येऊन बसले. सात पिढ्या बसून खातील इतकं मिळालं म्हणतात. पण पहिल्याच पिढीला बसता येईना. आल्याआल्या त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर दिले, तेही प्रोग्रॅमवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे शून्यापासून. वहिनी पाचव्या डब्यातून साखर म्हणून मीठ घ्यायच्या आणि हे बाहेरून ओरडायचे, "अगं, पाच नंबरचा म्हणजे सहावा!" तो चहा शेजारच्या गुजराती काकांनी "सरस छे" म्हणत अर्धा प्यायला, आणि मग त्या घरी महिनाभर फक्त पाणी मागितलं.

पुढे त्यांनी सोसायटीतल्या सगळ्यांची लाइट-बिलं भरायला घेतली. रांगेत उभं राहायला मिळतं म्हणून! "रांगेत माणसाला पुढे काय करायचं ते पक्कं माहीत असतं," असं ते म्हणत. तेवढ्यात बिलं मोबाइलवर भरायची सोय झाली आणि रांगच मोडली. "आमच्यासारख्याच कुणी गाढवानं प्रोग्रॅम लिहिला असणार," म्हणून दोन दिवस हळहळत होते.

अशा मनःस्थितीत एका रविवारी ते आमच्याकडे आले, तेव्हा मी शाळेचं वेळापत्रक करत बसलो होतो. रावपुऱ्यातल्या मराठी शाळेत मी पर्यवेक्षक. जून उजाडला की जेवायच्या टेबलावर मोठा कागद, पेन्सिल, खोडरबर आणि तेवीस शिक्षक. दादा (हिच्यामुळे मीही त्यांना दादाच म्हणतो) बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, हे कॉम्प्युटर चार सेकंदांत करील." चार सेकंदांचं ते काम करायला त्यांना तीन आठवडे लागले. स्कूटरवरून रोज शाळेत यायचे आणि वर्ग, विषय, तास लिहून घ्यायचे. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी वेळापत्रक निघालं. एकही चूक नाही. फलकावर लावलं, आणि दुपारपर्यंत माझ्या टेबलाशी रांग लागली. इंग्रजीच्या बाई पहिल्या, "सर, शुक्रवारी शेवटचा तास मला? सासऱ्यांना डायलिसिसला कोण नेणार?" संस्कृतचे सर आणि चित्रकलेचे सर नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, दोघांना एकाच वेळी मोकळा तास, एकाच खोलीत. गणिताच्या बाईंचे गुडघे गेलेत. त्यांचे चारही वर्ग दुसऱ्या मजल्यावर.

आता खरं सांगतो, जे तीन वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी माझं पेन्सिलीचं वेळापत्रक तसंच्या तसं टाइप करून फलकावर लावलं, आणि दादांना म्हणालो, "प्रोग्रॅम पुन्हा चालवला." तो दर वेळी नवं वेळापत्रक काढायचाच, म्हणून त्यांना संशय आला नाही. त्यांना दुखवायचं नव्हतं, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की वर्षातनं एकदा सगळ्या शाळेला माझी गरज पडते, ती या कागदापुरती. ते काम माझ्या हातून जायला नको होतं.

आठवड्यानं दादा धापा टाकत आले. "मास्तर, इंग्रजीच्या बाईंनी माझे आभार मानले. म्हणे, कॉम्प्युटरनं शुक्रवार सांभाळला. पण शुक्रवारचं मी त्यात लिहिलेलंच नाही! मग त्याला सांगितलं कुणी?" त्या दिवसापासून ते स्वतःच्याच प्रोग्रॅममध्ये ती माणुसकी कुठून शिरली ते शोधायला लागले. ओळ न् ओळ वाचली. वह्या भरल्या. जेवताना मध्येच घास खाली ठेवून म्हणायचे, "गुडघे! त्याला गुडघे कसे कळले?" वहिनी एकदा शेव-उसळ घेऊन घरी आल्या, डोळ्यांत पाणी. "भाऊजी, तुमच्या शाळेनं माझा माणूस परत दिला." ती उसळ मी तशीच झाकून ठेवली.

पुढच्या दोन्ही जूनना मी तेच केलं. तिसरं वर्ष संपत आलं तेव्हा मात्र दादा म्हणाले, "हा प्रोग्रॅम गावातल्या सगळ्या शाळांना फुकट देऊ या." मग बोलणं भाग पडलं. टीचर्स रूममध्ये आम्ही दोघंच होतो. मी सगळं सांगितलं. त्यांनी उठून फलकावरच्या शुक्रवारच्या तासांवरून बोट फिरवलं. शिपाई डोकावून "साहेब, चा ठंडी थई जशे" म्हणून गेला.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतके खूश होता..."

"खूश कसला, मास्तर? गोंधळलो होतो." मग हळू आवाजात म्हणाले, "किती वर्षांनी एक गोष्ट समोर आली होती, जी मला कळत नव्हती."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. वर्षभर शाळेकडे फिरकले नाहीत. या जूनमध्ये मात्र आपण होऊन आले, टेबलाच्या पलीकडे बसले आणि नुसतं विचारत राहिले, "ह्यांना बुधवारी पहिला तास का नाही?" मी सांगत गेलो, ते ऐकत गेले.

सातवीच्या कॉम्प्युटरच्या तासाला यंदा शिक्षक नाही. 'दादा, तुम्ही घ्याल का?' एवढंच विचारायचंय. पण मी खरंच अडलोय म्हणून विचारतोय, की पुन्हा त्यांना बरं वाटावं म्हणून, हे त्यांना माझ्या तोंडाकडे पाहून आता कळणार नाही. मलाही नीटसं कळत नाही. कागद भरत आलाय. ते समोर बसून खोडरबराचा चुरा बोटानं गोळा करतायत, आणि तो एक चौकोन मी अजून रिकामा ठेवलाय.