देवीचा हात आणि काचेचे पेले

चार बाया एका खोलीत पाठ उघडी करून बसल्या की किस्से आपोआप साठतात. हसण्यासारखे आधी सांगते, लाजेचा शेवटी.

मागं मान आखडली तेव्हा मी देवीला नवस बोलले होते, "आई, मान वळू दे, पाच मंगळवार अळणी जेवीन." दुष्काळाचं वर्ष. आमच्या चौसाळा गावातली जनावरं चारा छावणीला गेलेली, दूध संस्थेचा हॉल रिकामा. तिथं दर मंगळवारी एक डॉक्टरबाई येऊ लागल्या. चिनी पद्धतीनं सुया टोचायच्या, पाठीला काचेचे पेले लावायच्या, कसल्याशा पाल्याच्या कांडीची धग द्यायच्या.

*

पहिल्या दिवशी त्यांनी पेल्यात जाळ फिरवला आणि पेला पाठीला चिकटवला. शेजारच्या सरूकाकू म्हणाल्या, "हे चीनचं कावून म्हणता? बेंबी सरकली की आमची आजी असाच तांब्या लावायची."

बाई म्हणाल्या, "आजी असत्या तर मी घरीच बसले असते."

*

मग कांडी पेटली, गुडघ्याजवळ आली. धूर दिसल्यावर मला राहवेना. तळवे फिरवून डोळ्यांना लावले. सरूकाकूंनीही आरती घेतली.

बाई थांबल्या. "झाली? आता गुडघा द्या."

*

मान वळली. पण मानेखाली काळेनिळे गोल उमटले. टँकरच्या रांगेत एकीनं विचारलं, "काय झालं वो वैनी?" पाठ उघडी करून बसते हे सांगायची लाज वाटली. म्हणाले, "देवीनं हात ठेवला."

सरूकाकू नुसत्या खोकल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या ओसरीवर नारळ आले.

*

गल्लीतली सखू ऊसतोडीला जायची. उजवा खांदा वर जात नव्हता, कोयता कसा चालणार? टोळी महिन्यात निघणार होती. बाईंनी तिला चार मंगळवार बोलावलं होतं. ती हॉलच्या दारातून बघून परत फिरली आणि माझ्या ओसरीवर बसू लागली.

"वैनी, हात ठेवा."

मी ठेवला. तीन मंगळवार ठेवला. सकाळी तिच्या खांद्यावर हात, दुपारी मागच्या वाटेनं मी हॉलवर.

चौथ्या मंगळवारी नवसाचं अळणी ताट तसंच बाजूला सारलं. तिला आत नेलं, पदर सारून मान दाखवली. "सखू, हा देवीचा हात न्हाई गं. पेल्याचे वळ हायत. मी खोटं बोलले."

"ठावं हाय. म्या दारातून बघितलं की."

"मग तिकडं कावून गेली न्हाईस?"

सखू खाली बघत म्हणाली, "तिथं पदर काढाया लागतो, वैनी. माझी चोळी पाठीला फाटकी हाय."

माझी चोळी तिच्या अंगात घातली आणि हाताला धरून हॉलवर नेलं. वाटेत टँकरची रांग होती, तिथंही खरं सांगितलं. चारातला एकच मंगळवार तिला मिळाला. तेवढ्यात खांदा किती वर जाणार, ते विचारू नका.

तुमच्या गावात असं काही आलं तर एवढं करा. एकट्या जाऊ नका. आधी शेजारणीला आपली चोळी द्या, मग हाक मारा.