दगडाचं काय?

आमच्या पप्पांचा कोणावर विश्वास नव्हता. शेजारीण घरच्या केळ्यांची फणी घेऊन आली तरी ती वळल्यावर विचारायचे, "हिला कोणी शिकवून पाठवलं?"

आमच्या गिरीज गावात तेव्हा टँकरवाले वाडीवाडीतल्या विहिरी उपसून पाणी विरारच्या नव्या बिल्डिंगींना नेत. आमच्या विहिरी खारट होऊ लागल्या तसं गाव चिडलं आणि एका सकाळी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर सगळे थेट रस्त्यावर जाऊन बसले. त्या गडबडीत टँकरची काच फुटली, ड्रायव्हरचं कपाळ फुटलं. केस झाली बऱ्याच जणांवर, पण दगड मारल्याचा आरोप एकट्या पप्पांवर. त्यांचा राग गावाला माहीत होता, त्यामुळे कोणालाच नवल वाटलं नाही. आईलासुद्धा.

पप्पा मात्र तारखांना लग्नाला जावं तसे इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. "साक्षी होऊ दे. कोर्टच सांगेल मी मारला नाही म्हणून."

साक्षी झाल्याच नाहीत. इलेक्शन जवळ आलं आणि सरकारी वकिलांनी खटला मागे घ्यायचा अर्ज दिला. न्यायाधीशांनी परवानगी दिली. बाकीचे हात जोडून दाराकडे निघाले. पप्पा उभेच. "साहेब, दगडाचं काय?"

"केस संपली. घरी जा."

केस मागे घ्यायला लावली म्हणून गावच्या हॉलमध्ये पुढाऱ्याला शाल-नारळ दिला. पप्पा गेले नाहीत. "सरकार फुकट काही सोडत नाही. याने आपलं काय विकलं ते बघा आधी." आणि खरंच, पावसाळा सरल्यावर शेजारच्या वाडीत टँकर पुन्हा भरू लागले. या खेपेला रस्त्यावर कोणी बसलं नाही. उलट चर्चबाहेर कुजबूज सुरू झाली की मोठा आरोपी तर हाच होता, मग सौदा यानेच केला असणार. ज्याने जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला, त्याच्यावर आता सगळं गाव संशय घेत होतं. मला गावाचा संताप यायचा, आणि पप्पांचाही.

एके दुपारी पप्पा तरातरा त्या वाडीत निघाले. भांडण होणार म्हणून मी मागोमाग गेले. टँकरपाशी तोच ड्रायव्हर होता. कपाळावर व्रण. पप्पांना बघून तो हसला.

"काका, दगड तुम्ही नाय मारला. तुम्ही तर माझ्या दरवाज्याला लटकून शिव्या देत होता. दगड समोरून आला."

पप्पा एक पाऊल पुढे सरकले. "मग कोर्टात का नाही बोललास?"

"बोलावलंच नाय ना कोणी. केसच उठवली."

पप्पांनी पाण्याचा विषयच काढला नाही. परत येताना ते माझ्याशी चक्क गप्पा मारत होते. घरात शिरताच चपलाही न काढता त्यांनी आईला सगळं सांगितलं, शिव्यांसकट. एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आई मासे साफ करत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि विचारलं, "त्याला कोणी शिकवून पाठवलं?"