माझ्या खड्ड्याचं पाणी

सुईत पू आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ती उजेडात धरली, आणि माझ्याकडे न बघता आमच्या मास्तरांकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, बघितलं. मी तिथंच ओळखलं. दवाखान्यात माणसं आपल्या तोंडाकडे बघेनाशी झाली की समजावं, प्रकरण साधं नाही.

"एम्पायमा आहे," त्या म्हणाल्या. आमची दोघांची कोरी तोंडं बघून त्यांनी नीट समजावलं. मला न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसाची सूज, होऊन गेला होता. तो गेला असं आम्हाला वाटलं, पण मागे बरगड्या आणि फुप्फुस यांच्या मधल्या जागेत पू साठत राहिला होता. त्या पुवानं डावं फुप्फुस दाबून भाकरीसारखं चपटं केलं होतं. बरगडीचा तुकडा कापून पुवाला वाट करून द्यायची, एवढाच उपाय होता. क्लोरोफॉर्म देऊन झोपवायचं म्हटलं तर माझं हृदय फार थकलेलं; म्हणून जागा सुईनं बधिर करून, मी जागी असतानाच कापायचं.

"या टेबलावरून परत येतील असं मी तुम्हाला सांगत नाही," त्या मास्तरांना म्हणाल्या. "पण कापलं नाही तर नक्की जातील."

मी सगुणा. कर्जतहून सकाळी बैलगाडी जुंपली की जेवणवेळेला येतं, असं खालापूरच्या अंगाला आमचं गाव. मास्तर मिशनच्या शाळेत पोरांना शिकवत, मी पोरींना शिवण शिकवत असे, आणि उरलेल्या सगळ्यांना अक्कल शिकवते असं मास्तर म्हणत. एकुलती लेक रिबका तेव्हा पोटुशी होती. पहिलटकरीण. पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, झाला की बाळंतपणाला माझ्याकडे यायची होती. मरणाचं भय नव्हतं असं मी म्हणणार नाही, पण त्याहून मोठा घोर हा, की माझ्या लेकीचं कोण करणार? मी देवाशी सरळ सौदा केला. एवढं बाळंतपण माझ्या हातून होऊ दे, मग खुशाल ने.

दुखणं सुरू कसं झालं तेही सांगते, कारण वाचणाऱ्यांत माझ्यासारखी एखादी हट्टी असेलच. गावच्या विहिरीवर आम्हा ख्रिस्ती घरांना चढू देत नसत. उन्हाळ्यात आम्ही आणि डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या ठाकर बाया नदीच्या कोरड्या वाळूत डवरा उकरून, वाटी-वाटीनं हंडा भरायचो. तिथंच एके दिवशी हंडा डोक्यावर घेताना कुशीत कळ आली. मग थंडी वाजून ताप. मी गवती चहाचा काढा प्यायले आणि कामाला लागले. बाईमाणसाला तापायला सवड कुठं असते? ताप उतरला. मग रोज संध्याकाळी पुन्हा चढू लागला. उजव्या कुशीवर निजलं की जीव घाबरा व्हायचा, चार पावलांत धाप लागायची. तरी मी काढाच पीत राहिले. बायांनो, उतरलेला ताप परत येऊ लागला आणि एका कुशीवर निजवेनासं झालं, तर काढा चुलीत ओता आणि दवाखाना गाठा.

मला टेबलावर नेलं तेव्हा दवाखान्याबाहेर कर्जत स्टेशनात इंजिन शिट्टी देत होतं. कर्जतला घाट चढायच्या आधी गाडीला मागून आणखी इंजिन लावतात, ते ढकलतं. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मलाही मागून एक लावा. त्या म्हणाल्या, "तेच करतोय, सगुणाबाई. तुम्ही फक्त बोलणं थांबवा." मास्तर बाहेर बाकावर बसून प्रार्थना करत होते. माझं बोलणं थांबवायला एवढी तयारी लागते, हे त्यांनाही ठाऊक होतं.

कापण्याचं वर्णन करत नाही. करकर ऐकू आली, दुखणं मात्र तितकंसं नाही. मग काहीतरी फुटल्यासारखं झालं, पू भसाभस तसराळ्यात पडला, आणि छातीवर बसलेला म्हशीचा पाय उचलल्यासारखं वाटलं. कुशीत रबरी नळी ठेवली, तिचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत. मी डोळे उघडून पहिलं काय मागितलं असेल तर पेज. वर लोणचंही मागितलं. नर्सबाई हसत सुटली.

पुढचा औषधोपचार ऐकून तुम्हालाही हसू येईल. दोन मोठ्या बाटल्या, मध्ये नळी, एकीत लाल रंगाचं पाणी. फुंकर मारून ते पाणी या बाटलीतून त्या बाटलीत न्यायचं, मग परत आणायचं. त्यानं चपटं झालेलं फुप्फुस हळूहळू फुगतं. मी फुंकायचे आणि बाहेर घाटाचं इंजिन फुसफुसायचं. आमची दोघांची चांगलीच शर्यत लागे. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणायची, इंजिन जिंकलं गं. मग मी पुन्हा फुंकायचे.

असे छान दिवस चालले असताना बाजारच्या दिवशी बुधी मला बघायला आली. बुधी म्हणजे आमच्याजवळच्या वाडीतली ठाकरीण. डवऱ्यावर आम्ही वर्षानुवर्षं एकमेकींशी भांडलो होतो, म्हणजे मैत्रिणीच. मोळी विकून आली होती. पानातून रताळी आणली होती. खाटेजवळ उकिडवी बसली आणि माझं तोंड डोळे भरून बघत म्हणाली, "तुज्या खड्ड्याचं पानी लय गोड हाय, बाय."

मी विचारलं, कुठला खड्डा?

तिनं अगदी सरळ मनानं सगळं सांगितलं. आमच्या सात-आठ घरांच्या मंडळीला मिशननं त्याच वर्षी दफनासाठी माळाचा एक तुकडा घेऊन दिला होता. नुसता कातळ. तो मिळाला तेव्हा मीच म्हटलं होतं की तिथं गवतसुद्धा उगवायचं नाही, पण मेलेल्यांना काय, चालेल. तिथं अजून कुणालाच पुरलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकून मास्तरांनी गावी निरोप धाडला की जागा तयार ठेवा. त्यांचंही चुकलं नाही. कातळ फोडायला वेळ लागतो आणि चैत्रातल्या उन्हात मढं थांबत नाही. आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, दावीदभाऊ, खाणीत दगड फोडून हात पोलादी झालेले, पहार आणि घण घेऊन लगेच लागले. छातीएवढं खोल गेल्यावर कातळाला चीर पडली आणि पाणी आलं. उपसलं, पुन्हा आलं. पाण्यात बाईला कसं ठेवायचं म्हणून दावीदभाऊ डोकं धरून बसले, आणि तेवढ्यात कर्जतहून खबर गेली की बाई पेज मागतेय. तेव्हापासून अख्खी वाडी तिथंच पाणी भरत होती.

बुधी खुशीत निघून गेली. मी मात्र त्या दिवशी बाटल्यांना हात लावला नाही.

आता हसू नका. माझ्या आजीचा बाप्तिस्मा झालेला, मी जन्मापासून ख्रिस्ती. पण जुनं म्हणणं रक्तात मुरलेलं असतं. उकरलेली कबर रिकामी राहत नाही, ज्याच्यासाठी खणली तो नाही मिळाला तर ती त्याच्या घरातलं दुसरं माणूस मागते, असं आमच्याकडे म्हणत. आणि माझ्या घरात कोण येणार होतं? रिबका. दोन जिवांची.

मास्तर आले तेव्हा मी त्यांना असं फैलावर घेतलं की नर्सबाईनं दार लावून घेतलं. खड्डा बुजवा म्हटलं. लेकीला कळवा, येऊ नको. मास्तर खाली मान घालून म्हणाले की लेकीला कळवतो, पण खड्डा कसा बुजवू? बाया तिथं भांडी घेऊन बसलेल्या असतात.

माझी नळी निघाली, जखम भरत आली, ताप गेला. पण मी उठेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. डॉक्टरीणबाई एक दिवस खाटेवर येऊन बसल्या. "पू संपला, ताप संपला. मग बाटल्या का बंद?" मी चादर तोंडावर ओढली. त्यांना काय सांगू, की मला माझा खड्डा बोलावतोय? त्या उठताना म्हणाल्या, "फुप्फुस उघडायचं औषध माझ्याकडे नाही, सगुणाबाई. ते आतून उघडावं लागतं."

सणाच्या आदल्या दिवशी गाडीत गवत पसरून मला घरी आणलं. दारात उभी कोण? रिबका. पोट पुढं, हात कमरेवर. येऊ नको म्हणून कळवलं होतं ना, म्हटलं, तर म्हणाली की म्हणूनच आले. आईचं ऐकायची सवय तिला कधीच नव्हती, आणि ती कुणावर गेलीय हे मास्तरांनी न बोलता नजरेनं मला सांगितलं. मी तिला पोटाशी धरलं आणि धाय मोकलून रडले. सगळ्यांना वाटलं, आनंदानं रडतेय.

पुनरुत्थानाच्या पहाटे मंडळीनं दफनभूमीत जाऊन गायचं, ही आमची रीत. त्याआधी आम्हाला दफनभूमीच नव्हती म्हणून शाळेच्या अंगणात गायचो. त्या वर्षी आमच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, माळावर जायचं ठरवलं. मी म्हटलं, मी येत नाही. रिबका म्हणाली, मी जाणार. झालं. माझ्या लेकीला त्या खड्ड्याच्या काठावर एकटी सोडायला माझं काळीज दगडाचं नव्हतं. तिचा दंड घट्ट धरून, दर चार पावलांनी थांबत, मी निघाले. पुढं झांजा आणि डफ वाजत होते. माझ्या कानांत फक्त माझी धाप होती.

माळावर उजाडत होतं. आणि आमच्या आधी तिथं बाया पोचलेल्या. बुधी आणि वाडीतल्या आठ-दहा जणी, हंडे-कळशा घेऊन, खड्ड्याभोवती. आमचा डफ थांबला. त्या पहिल्या पहाटे येशूच्या कबरीकडे आधी बायाच गेल्या होत्या, हे पाळकसाहेब दरवर्षी सांगायचे, पण असं कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

मला मात्र दुसरं काही सुचेना. मी ओरडले, सरका तिथून, बुजवायचाय तो खड्डा.

बुधीनं हंडा खाली ठेवला. का, म्हणून विचारलं. मग पाळकसाहेबांसमोर, सगळ्या मंडळीसमोर माझ्या तोंडून निघूनच गेलं. खणलेली कबर रिकामी राहत नाही. मी सुटले तर ती माझ्या लेकीला मागेल. मास्तर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, एवढंच. कुणी माझी टिंगल केली नाही, कारण मला वाटतं, त्यातल्या निम्म्यांना तेच भय होतं.

बुधी गुडघ्यांवर हात टेकून वाकली, खड्ड्यात नीट बघितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "रिकामी कुठं हाय गं बाय? भरलीय की."

मी पुढं होऊन बघितलं. खरंच भरली होती. कातळाच्या चौकटीत पाणी, त्यात उजाडलेलं आभाळ, आणि काठावरून वाकलेली माझी वाळकी मुंडी. मला आधी हसूच आलं. हसता हसता दुसरं उमगलं. आयुष्यभर रिकाम्या कबरीची गाणी गायले होते. तीच तर आमची सुवार्ता. कबर रिकामी निघाली, येशू उठला म्हणून ज्या सणाला नाचायचं, त्या सणाला मी रिकाम्या कबरीला भिऊन लेकीचा दंड काळानिळा करत होते. मी मोठ्यानं हसले. तो श्वास छातीच्या पार तळापर्यंत गेला, शिवलेल्या जागी कळ आली, आणि मला कळलं की माझं फुप्फुस उघडलं.

रिबका कुठाय म्हणून बघते तर ती बुधीच्या हंड्यातून ओंजळीनं पाणी पीत होती. पोटुशी बाई, चालून तहान लागली होती. म्हणाली, आई, खरंच गोड आहे. मग मी प्यायले. मास्तर प्यायले, पाळकसाहेब प्यायले, दावीदभाऊ तर तोंड धुऊन ढसाढसा रडले. त्या सकाळी आम्ही गायलो ते घाटातल्या इंजिनाला ऐकू गेलं असेल. मी दोन ओळींनंतर दमले, पण त्या दोन ओळी माझ्या होत्या.

त्या जागी मग कुणालाच पुरलं नाही. मिशननं दफनासाठी दुसरा तुकडा बघितला. दावीदभाऊंनी खड्डा रुंद करून दगडानं बांधला. वाडीतल्या बाया त्याला अजून बायचा खड्डाच म्हणतात, आणि नवी सून आली की तिला माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, ही ती बाय. गावातली मोठी घरं त्या पाण्याला शिवत नाहीत. त्यांची विहीर त्यांना लखलाभ. ज्याला धाप लागलीय, ज्याच्या कुशीत नळी आहे, त्याला मी एवढंच सांगेन की तुमच्यासाठी कुणी काय खणून ठेवलंय याची काळजी करू नका. त्यात काय लागेल हे खणणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तुम्ही बाटल्या फुंका.

रिबकाचं बाळंतपण मी केलं. मुलगा झाला. देवानं सौदा पाळला, आणि मला नेण्याचं मात्र विसरला. मीही आठवण करून दिलेली नाही.

बाप्तिस्म्याला डॉक्टरीणबाई कर्जतहून मुद्दाम आल्या. पाणी कुठलं घ्यायचं हे कुणी विचारलंच नाही; दावीदभाऊंनी सकाळीच तांब्या भरून ठेवला होता. पाळकसाहेबांनी गार पाणी टाळूवर घातलं आणि पोरानं असा टाहो फोडला की अंगणात बसलेल्या वाडीतल्या बाया आत डोकावल्या. रिबका घाबरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रडू दे, उघडतंय. माझ्या कबरीचं पाणी त्याच्या कानामागून ओघळत होतं. मी त्याला उचलून डाव्या कुशीला धरलं, जिथं बरगडीचा तुकडा नाही तिथंच, आणि सगळ्यांच्या वर ऐकू जाईल असं आमेन म्हटलं.