बार्शीकडून येणारी गाडी

आमच्या वैराग भागात फाट्यावर गाडी थांबली, की आतून कोण उतरतंय हे नंतर बघतात. आधी बघतात ती कुठल्या अंगानं आली. बार्शीकडून आली तर उतरणारा पुण्याचा. कुर्डुवाडीला रेल्वे सोडली, बार्शीत एसटी बदलली आणि धूळ झटकत आला. सोलापूरकडून आली तर उतरणारा बाजार करून आलेला, नाहीतर कचेरीत हेलपाटा घालून तोंड पाडून आलेला. रावजीच्या हॉटेलपुढच्या बाकड्यावरची मंडळी हा निवाडा गाडीचं दार उघडायच्या आत करून मोकळी होतात. एकदा एक मुलगा मुलगी बघायला सोलापूरकडच्या गाडीनं उतरला. मुलीच्या चुलत्यानं बाकड्यावरूनच ठरवलं, हा काही पुण्यात नोकरीला नाही. स्थळ मोडलं. मागाहून कळलं, पोराला कुर्डुवाडीला डुलकी लागली होती आणि तो थेट सोलापूरला जाऊन जागा झाला होता. तो आता पुण्यात घर बांधून आहे आणि चुलता अजून बाकड्यावरच आहे.

त्याच बाकड्याच्या टोकाला दर शनिवारी आप्पा येऊन बसायचे. रानातलं काम आटोपून, धुतलेली टोपी घालून. बार्शीकडची गाडी दिसली की उठून उभे राहायचे आणि कुणी विचारलं नसलं तरी सांगायचे, "आमचा पुनेकर आला."

पुणेकर म्हणजे त्यांचा मुलगा इंद्रजीत. आणि गंमत अशी, की इंद्रजीतनं पुणं सोडून वर्ष होत आलं होतं.

भोसरीतल्या एका कारखान्यात तो माल तपासायच्या कामावर होता. पगार ऐकायला झकास. पण घरमालक दर दिवाळीला भाडं वाढवायचा, उन्हाळाभर पाण्याच्या टँकरला वर्गणी, पोरीची शाळा, शाळेची गाडी, आणि स्वतःचं जाणं-येणं धरून दिवस असा जायचा, की पोरगी झोपलेलीच दिसायची. अशात सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतून बोलावणं आलं. काम तेच, पगार मात्र तिसऱ्या हिश्शानं कमी.

बायको रेश्मा मेथी निवडत होती. निवडता निवडताच तिनं हिशेब सांगितला. सोलापुरात जुळे सोलापूर भागात भाडं निम्म्याच्याही आत, शाळा चालत जायच्या अंतरावर, ज्वारी घरची, शेंगा घरच्या, आणि सासू-सासरे तासाभरावर. पगार कमी दिसतो खरा, पण महिनाअखेरीला हातात जास्त राहील. ती खोटं बोलत नव्हती. सोलापूरला आल्यावर पहिल्याच महिन्यात ते दिसून आलं. पोरगीही संध्याकाळी बापाच्या पायात पाय अडकवून बसू लागली.

पण इंद्रजीतच्या मनात एक काटा राहिला. गावात माणसाला पगार विचारतात, उरतं किती ते कुणी विचारत नाही. पुण्याहून पोरगा सोलापूरला आला म्हणजे काढलाच असणार, असं बाकडं म्हणणार. आणि आप्पांनी उठून उभं राहून कुणाला काय सांगायचं?

म्हणून त्यानं गावी सांगितलंच नाही. एकदा नाही सांगितलं की दुसऱ्यांदा सांगणं अवघड होतं, तिसऱ्यांदा तर तोंडच उघडत नाही. सोलापूरहून फाट्याला सरळ गाडी होती, डोळा लागायच्या आत पोचवणारी. हा गडी ती सोडून आधी रेल्वेनं कुर्डुवाडीला जायचा, तिथून बार्शी, आणि बार्शीकडून गावाला. नाक पकडायला डोक्यामागून हात घालावा, तसा सगळा जिल्हा फिरून. रेश्मा म्हणायची, वाचवलं ते एसटीला देऊन आलात. पोरगी लहान, पटकन बोलून जाईल, म्हणून तिला त्यानं गावी न्यायचंही बंद केलं. आई, बजाबाई, दर खेपेला दारातून त्याच्या मागं बघायची. नात नाही आली व्हय, एवढंच विचारायची. तो म्हणायचा, परीक्षा आहे. वर्षभर त्या पोरीची परीक्षाच चालली होती.

एकदा सोलापूरच्या भाजी मंडईत रावजी समोर उभा राहिला. इंद्रजीतच्या हातात कोथिंबिरीची जुडी. कंपनीच्या कामाला आलोय, असं तो म्हणाला. रावजीनं जुडीकडं बघितलं आणि कंपनीला कोथिंबीर लागते काय असं विचारलं. इंद्रजीत हसला, पण घरी येईपर्यंत त्याचे कान तापलेले होते.

तर श्रावणातली गोष्ट. सकाळी तो कामावर असताना आप्पांचा फोन आला. बजाबाई गोठ्यात घसरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं होतं. वैरागच्या डॉक्टरनं हात लावला नाही, तेव्हा जीपमध्ये घालून आप्पांनी तिला सोलापूरला आणलं होतं, सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात. जीपवाला सोडून माघारी गेला होता.

"तू सावकाश ये," आप्पा म्हणाले. "पुन्यास्नं यायचं म्हंजी यळ लागणार. गडबड करू नगंस. मी हाय हितं."

इंद्रजीतनं सुट्टी घेतली, मोटारसायकलला किक मारली आणि शहरात शिरला. सात रस्त्याचा चौक समोर आला. उजवीकडं वळलं की दवाखाना. आणि तिथंच त्याचा हात आखडला. आत्ताच फोन ठेवलाय, आणि आत्ता दारात उभा राहिलो तर काय सांगू? उडत आलो?

तो सरळ घरी गेला. माळ्यावरची प्रवासाची बॅग काढली. रेश्मा कपाळाला हात लावून बघत राहिली. आत्याबाई तिथं विव्हळत असतील आणि तुम्हाला बॅग सुचते, असं ती म्हणाली. तो म्हणाला, पुण्याहून दुपारची गाडी येते, ती आली की जातो, थोड्या तासांचा तर प्रश्न आहे, डॉक्टर आहेत तिथं. आपलेच शब्द आपल्यालाच परक्यासारखे ऐकू येत होते, तरी तो बॅग घेऊन स्टेशनात जाऊन बसला.

आता बघा, माणूस सोलापूरच्या फलाटावर बाकड्यावर बसलाय आणि बापाला फोन करून सांगतोय, दौंड सोडलं. मग थोड्या वेळानं, भिगवण गेलं. शेजारी एक म्हातारी केळी खात बसली होती. ती एकदा त्याच्याकडं आणि एकदा वर टांगलेल्या सोलापूरच्या पाटीकडं बघू लागली. तो उठून दुसऱ्या बाकड्यावर गेला.

प्रत्येक फोनला आप्पा थोडं थोडं सांगायचे. फोटो काढायला नेलं, पण कुठल्या दारातनं ते कळंना. एक पोरगी इंग्रजीत काहीतरी बोलली, मी व्हय म्हनलं. तुझी आई पानी मागती, द्यायचं का न्हाय कुनाला इचारू? आणि शेवटी दर वेळी, तू सावकाश ये. ते सावकाश ऐकलं की इंद्रजीत बॅगेचा पट्टा खांद्याला लावायचा. उठावं, जावं, असं दर वेळी वाटायचं. पण आता दौंडचं आणि भिगवणचं काय करायचं? एक खोटं निस्तरायला त्याला अख्खी रेल्वे लागत होती.

कुर्डुवाडी झाली. मग त्यानं मोहोळचा फोन लावला.

"आप्पा, मोहोळ सुटलं. आलोच."

पलीकडून चावल्याचा आवाज आला. मग आप्पा म्हणाले, "बरं. रेश्मा आलीया. पोरगीबी आलीया. भाकरी खातूय मी."

इंद्रजीतनं मांडीवरची बॅग खाली ठेवली.

"गरम हाय," आप्पा म्हणाले. "हात पोळतूय."

आणि फोन ठेवला.

पुण्याची गाडी नंतर आली. माणसं उतरली, पांगली, हमाल गेले, तरी इंद्रजीत बसूनच होता. मग उठला. स्टेशनापासून दवाखाना तो काय लांब; पण ती वाट त्याला कुर्डुवाडी-बार्शीच्या फेऱ्यापेक्षा लांब वाटली. जिन्यावर त्याला वाटलं, बॅग तरी इथंच कुठंतरी ठेवावी. पण ठेवायची लाजही वाटली, आणि न्यायचीही.

वऱ्हांड्यात आप्पा बसले होते, टोपी मांडीवर काढून. पोरगी त्यांच्या धोतराला टेकून झोपली होती. बजाबाईला आत शस्त्रक्रियेला नेलं होतं. त्याआधी तिची त्याला भेट झाली नाही. रेश्मानं डबा आवरायला घेतला आणि मान वर केली नाही.

आप्पांनी बॅगेकडं बघितलं. "काय हाय त्यात?"

बॅगेत काहीच नव्हतं. गडबडीत त्यानं काही भरलंच नव्हतं.

मग त्यानं सगळं सांगितलं. पुणं सोडल्याचं, चिंचोळीचं, पगाराचं. पगार कमी झाला म्हणून तोंड दाखवायची लाज वाटली, बाकड्यावर तुमची मान खाली गेली असती, असं म्हणाला. हिशेबही मांडायला लागला, भाडं कमी, शाळा जवळ, उरतं जास्त. आप्पांनी हात वर करून थांबवलं.

"पगाराचं न्हाय रे," ते म्हणाले. "पगार तुजा तू बघ. मी सकाळधरनं हितं एकटा बसलोय की. तुजी आई तुज्या नावानं हाका मारत व्हती. मी तिला म्हनलं, लांब हाय त्यो. लांब हाय म्हनून मी तिची समजूत घालत व्हतो."

इंद्रजीत त्यांच्या शेजारी बसला, तर थोडे सरकून त्यांनी जागा दिली. ती त्यांनी कुणालाही दिली असती.

बजाबाईचं हाड बसलं. काही दिवसांनी तिला गावी नेलं. त्यानंतरच्या शनिवारी इंद्रजीत सोलापूरकडच्या गाडीत बसला, पोरीला घेऊन. उतरला तेव्हा सगळं बाकडं वळून बघत होतं. रावजीनं विचारलं, आज इकडनं कसं काय?

"मी सोलापूरलाच असतो," इंद्रजीत म्हणाला. "चिंचोळीला कामाला. वर्ष झालं. पगार कमी हाय."

बाकड्यावरचा एकजण म्हणाला, चिंचोळीला हायस व्हय, मग आमच्या पोराचं बघ की तिथं काहीतरी. दुसऱ्यानं विचारलं, खोली कितीला मिळती तिकडं? रावजीनं कोथिंबिरीची तेवढी आठवण करून दिली आणि चहाचं पातेलं चढवलं. ज्याच्या धाकानं वर्षभर जिल्हा पालथा घातला, ते एवढंच निघालं. इंद्रजीतला त्याची आणखीच लाज वाटली.

बाकड्याचं टोक मात्र रिकामं होतं. आप्पा आले नव्हते.

घरी आप्पा बजाबाईच्या खाटेजवळ बसले होते. नात दिसताच बजाबाईनं दोन्ही हात पसरले, आणि परीक्षा झाली का ग बाई, असं विचारलं. पोरगी म्हणाली, कसली परीक्षा? इंद्रजीत खाली बघत चप्पल काढत राहिला.

आप्पांनी विचारलं, "कुठल्या गाडीनं आलास?"

"सोलापूरच्या."

"किती यळ लागला?"

"तासभर."

"तासभर," आप्पा म्हणाले. खाटेच्या कडेची चादर त्यांनी नीट केली, पुन्हा एकदा केली. मग त्याच्याकडं न बघताच बोलले, "मग बुधवारी ये. आईला दाखवायला न्यायचंय. मला एकट्याला जमत न्हाय."