जागेवर म्हणजे कुठे?

शफी कप्तानांना कुणी नुसतं 'बरोबर आहे' म्हटलं, की त्यांचं समाधान व्हायचं नाही. साखर बराबर टाकल्याचं चहावाल्यानं सांगितलं तरी ते विचारणार, "बराबर तुमची का माझी?" जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीच्या लहानशा विमानाचे ते वैमानिक, मूळचे परतूरचे. मी शेठजींच्या ऑफिसात होते आणि त्यांच्या या खोदून विचारण्याचा मला मनापासून वैताग यायचा. एकदा मी गाडी फाटकाशी उभी आहे म्हणाले, तर म्हणतात, "फाटकाच्या आत का बाहेर, ताई? चालायचं मला हाये."

त्या दुपारी नागपूरहून परतताना विमानात तिघंच होतो. पुढे कप्तान, मागे शेठजी आणि मी. जालना दिसू लागल्यावर कप्तानांनी चाकं खाली सोडली, पण डाव्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. दिवा गेला होता की चाकच अडकलं होतं, हे आतून कळायला मार्ग नव्हता. धावपट्टीवर रखमाजी पहारेकरी वायरलेस घेऊन उभे होते. कप्तानांनी विमान त्यांच्या डोक्यावरून अगदी कमी उंचीवर नेलं आणि विचारलं, "डावं चाक कसं हाये?"

"बराबर जागेवर हाये, साहेब."

शेठजींनी हुश्श केलं. "मग उतरवा."

"जागेवर म्हंजे कुठं, रखमाजी? काय दिसून राह्यलं तेवढंच सांगा."

"पोटात हाये की. उजवं लोंबून राह्यलं, म्होरलं बी. डावं हाललंच न्हाई."

रखमाजींच्या लेखी चाकाची जागा म्हणजे विमानाचं पोट. त्या एका शब्दावर विसंबून उतरलो असतो, तर कलंडून पेटलो असतो.

कप्तानांनी चाकं पुन्हा पुन्हा आत-बाहेर करून पाहिली. डावं येईना. शेवटी त्यांनी सगळीच आत घेतली. "आता पोटावर उतरायचं. घाबरू नका म्हणणार न्हाई. घाबरा, पन पट्टे घट्ट बांधा." इंधन कमी होईपर्यंत ते घिरट्या घालत राहिले. शेठजींचा जप चालला होता. माझी मुलगी शाळेतून आली असेल, एवढंच माझ्या मनात येत होतं.

विमान पत्रा घासत धावपट्टीबाहेर गेलं, कपाशीत घुसलं आणि नाक बांधावर आदळलं. आम्ही दोघं चालत बाहेर आलो. कप्तानांना रखमाजींनी बाहेर काढलं. त्यांचा मणका मोडला होता.

पुढे चौकशीत रखमाजींवर ठपका ठेवायचं घाटत होतं. कप्तानांनी खाटेवरूनच सांगितलं, "त्यांनी दिसलं ते सांगितलं. बराबर विचारनं माझं काम होतं." ते पुन्हा कधी उडाले नाहीत, चाललेही नाहीत. मी परतूरला जात राहिले. त्यांनी एकदाही कुरकूर केली नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

या हिवाळ्यात ते गेले. त्याआधी मी भेटायला गेले होते, तेव्हा दुपारची झोप लागली होती त्यांना. अचानक झोपेतच म्हणाले, "सब उतरे क्या?"

त्यांच्या पत्नी, भाभी, हलक्या आवाजात म्हणाल्या, "रोज पूछते, ताई. मैं 'हौ, उतरे' बोलती, तो भी फिर पूछते."

मी त्यांचा हात हातात घेतला.

"उतरले, कप्तान. शेठजी उतरले. मी उतरले. घरी पोचले. मुलगी दारातच उभी होती."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.