माझ्या आंघोळीचा धूर

हे नवऱ्याला ठाऊक नाही, आईला नाही. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट कळत नाही. अकोल्याच्या एका कॉलेजात मी हवेचं प्रदूषण शिकवते — हो, मीच — आणि हिवाळ्यात तो धडा आला की माझी जीभ अडखळते.

तेव्हा मी अमरावतीला शिकत होते. अंजनगाव सुर्जीजवळच्या एका गावात आमचं काम होतं. थंडीत हवा घाण होते, त्यात लाकूड जाळण्याचा वाटा किती, ते मोजायचं. चार घरी चार यंत्रं. यंत्र दिवसरात्र हवा ओढणार, आतली पांढरी चकती काळी पडणार, सकाळी मी ती बदलणार. सोबत एक वही. वहीत एक रकाना — 'आज नेहमीपेक्षा जास्त जाळलं का?' आमच्या सरांनी बजावलं होतं, यंत्र ज्या घरी, तिथं आपल्यापायी एक काडी जास्त पेटता कामा नये.

मी राहिले सुमनकाकूंकडे. झेंडू-शेवंतीवाले लोक. अंगणात चूल, चुलीशेजारच्या पत्र्यावर यंत्र. त्या घरी गरम पाणी फक्त काकांना, तेही गुडघ्यांमुळे, एक तपेलं. मी पहिल्या सकाळी नकोच म्हटलं. काकू कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"पाव्हण्या पोरीले थंड्या पाण्यानं आंग धुवू देऊ? लोकं काय मनतीन मले?"

आणि मला — काय सांगू — बरंच वाटलं. पुसाची, भर पौषातली थंडी ती! मग रोज माझ्यासाठी वेगळं गंजभर, मोठं पातेलं भरून, कढत पाणी. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, संपली तशी काकूंनी ओली बाभूळ लावली. धूर नुसता डोळ्यांत जायचा. त्या फुंकायच्या, खोकायच्या, आणि म्हणायच्या, "झालं वं माय, तापलं." मी आंघोळ करायचे, आणि वहीत लिहायचे — नाही. महिनाभर, रोज, नाही.

का लिहिलं? सर रागावतील म्हणून? हो, भित्री होतेच मी. पण हो लिहिलं असतं तर गरम पाणीही बंद झालं असतं ना? हे दुसरं कारण मी स्वतःशीही फार उशिरा कबूल केलं.

शेवटी ग्रामपंचायतीत सभा झाली. सरांनी चारही घरच्या चकत्या मांडल्या. तीन करड्या, एक तव्याच्या बुडासारखी काळी. तपासणीत तो धूर लाकडाचाच निघाला होता. सरांनी नाव घेतलं नाही, पण चकत्यांवर यंत्रांचे आकडे होते, आणि कोणत्या आकड्याचं यंत्र कुणाकडे ते गावाला पाठ होतं. काकूंच्या शेजारणीच्या नातवाला दम लागायचा. ती उठलीच.

"आता समजलं, माया लेकराच्या छातीत कोनाचा धूर हाय थे!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, आमी त एवढं जाळत नाही. तू त पायलं नं?"

एरवी मी त्यांच्याशी वऱ्हाडीतच बोलायचे. त्या दिवशी सरांसारखी मराठी तोंडातून आली. "यंत्र खोटं बोलत नाही काकू."

त्या एक शब्द बोलल्या असत्या — 'तुयासाठीच त जाळत होती' — तर मी तिथंच उघडी पडले असते. नाही बोलल्या. पाहुण्याला दिलेलं चारचौघांत कसं काढायचं? पदर सावरून खाली बसल्या.

गेल्या पुसात तेल्हाऱ्याला काम निघालं, तिथून मी गावात गेले. सांगायचंच, असं ठरवून गेले. अंगणातली चूल त्या सभेनंतरच मोडलेली, तिथं सारवलेलं; स्वयंपाक गॅसवर. काकांनाही आता थंडंच पाणी. शेजारीण आजही काकूंशी बोलत नाही. मी मुक्काम केला, आणि सांगायचं सकाळवर ढकललं.

सकाळी अंगणात खोकला ऐकू आला. काकूंनी तीन विटा मांडून जाळ केला होता. वर तोच गंज.

"काकू, काहून पेटवलं? लोकं बोलतीन ना."

"बोलतीन त बोलू दे. तू पाव्हणी हायेस."

मी बादली उचलून न्हाणीत गेले. पाणी कढत होतं. सगळं अंगावर घेतलं, केससुद्धा धुतले. मग चहा पिऊन एसटी पकडली. काकूंना काहीच सांगितलं नाही.