राइलीच्या फोनमधली गाय

साव्होतल्या माणसाला सरळ प्रश्न विचारू नये, असं उरलेल्या फिनलंडमध्ये म्हणतात. तो उत्तर देतो, पण त्याचा अर्थ लावायची जबाबदारी ऐकणाऱ्यावर टाकून मोकळा होतो. राइली मुस्तोनेन याच मातीतली. तिचं काम मात्र असं होतं, की त्यात ‘असेलही, नसेलही’ चालत नसे. ती गायी भरवायची, म्हणजे कृत्रिम रेतनाने गाभण करायची. तळ्याकाठच्या गावांमधून, बर्फातून आणि चिखलातून, मागच्या सीटवर नायट्रोजनची टाकी आणि तीत वळूंच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या घेऊन तिची गाडी फिरायची. तिच्या हातून झालेली वासरं आता कितव्या पिढीत होती हे तिलाही सांगता आलं नसतं.

पूर्वी सगळं सोपं होतं. गाय माजावर आली की शेतकरी सकाळी फोन करून निरोप ठेवायचे. राइली कॉफी पिता पिता ते निरोप ऐकायची आणि आवाजावरूनच ओळखायची: हा घाबरलाय, याची खरंच घाई आहे, ही नुसती गप्पांची भुकेली आहे, हिच्याकडे शेवटी जाऊ.

मग ती जिथे नोकरी करायची त्या पशुपालक संघाने नवे फोन दिले. ऑर्डर शेतकऱ्याने आपल्या फोनवरून टाकायची, ती सर्व्हरवर जाणार, तिथून राइलीच्या फोनवर येणार. काम झालं की राइलीने नोंद करायची आणि सिंक करायचं, म्हणजे सर्व्हरला कळणार. शिकवायला कुओपिओच्या ऑफिसातून यानिका आली होती. नखं रंगवलेली, बोलणं रेडिओसारखं स्पष्ट.

“पहिल्या सिंकला वेळ लागतो. तुमच्या भागातली प्रत्येक गाय फोनमध्ये उतरते,” ती म्हणाली.

“सगळ्या?” राइलीने फोन तळहातावर तोलून पाहिला. “जड नाही झाला.”

यानिका हसली नाही. “रेंज नसली तरी फोन चालतो. जेवढं उतरलंय तेवढं तुमच्याजवळ असतं. रेंजमध्ये आलात की सिंक करा. विसरू नका हं. न केलेलं सिंक म्हणजे न केलेलं काम.”

“आणि कधी सिंक नको असलं तर?”

“नको कशाला असेल?”

“असंच. विचारून ठेवावं.”

यानिकाने नाइलाजाने एक विमानाचं चित्र दाखवलं. ते दाबलं की फोन जगापासून तुटतो. राइली जन्मात विमानात बसली नव्हती, पण त्या चित्राशी तिची लगेच गट्टी जमली. एखाद्या घरी कॉफी लांबली, की ती शांतपणे विमानात बसायची. आणि यानिकाचा फोन आला की “गोठ्यांचे पत्रे फार जाड असतात गं आमच्याकडे,” म्हणून मोकळी व्हायची.

त्या मंगळवारी तिच्या यादीत हिल्क्काची ओमेना होती. ओमेना म्हणजे सफरचंद. गाय तशीच, लालसर आणि गोल. पण दोनदा भरवून ती दोन्हीदा उलटली होती, पुन्हा माजावर आली होती. यंदा गाभण राहिली नाही तर तिला कुणी ठेवणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. वासरू नाही तर दूध नाही, आणि दूध नसलेली गाय पोसायची म्हणजे साव्होत गावभर हसू. तरी ही गाय हिल्क्काने बाटलीने दूध पाजून वाढवलेली. तिच्या हाकेला ती दार उघडून येते, असं हिल्क्का सांगायची. नवरा ताउनो म्हणायचा, दार उघडतं कारण त्याची कडी मोडलीय.

राइली त्यांच्या फाटकाशी गाडी थांबवते न थांबवते तोच फोन वाजला.

“राइली, सिंक कर,” यानिका म्हणाली. “तुझी एक फेरी वाचतेय. ती ओमेना यादीतून गेलीय. मालकाने सकाळी स्वतःच नोंद केलीय, गुरुवारी कत्तलखान्याच्या गाडीत.”

राइलीने गोठ्याकडे पाहिलं. दारात हिल्क्का उभी होती, हातात कोमट पाण्याचा थर्मास. कांडी वितळवायला. राइलीला थर्मास आणायला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. हिल्क्का आपली आणायची.

“ऐकतेयस ना?” यानिका विचारत होती. “सिंक केलंस की तुझ्याकडूनही ती जाईल.”

“रेंज नाही गं. गोठ्यात आहे.”

“पण आपण बोलतोय की.”

“आता निघालेच आत,” राइली फाटकाशी उभी राहून म्हणाली आणि विमानात बसली.

बूट चढवत तिने अंदाज घेतला. “ताउनो दिसत नाही?”

“जंगलात गेलाय लाकडं आणायला. सकाळपासून नुसता लाकडं, लाकडं.”

“ओमेनाचं काय म्हणाला?”

“मी विचारलं, आणखी एकदा बघायचं का. तो म्हणाला, बघायला काय, बघताही येईल.” हिल्क्काचा चेहरा उजळला. “म्हणजे हो म्हणाला.”

राइलीने दुसरा बूट चढवला. ‘बघताही येईल’ म्हणजे त्या माणसाने दोन्ही दारं उघडी ठेवली होती, आणि बायको ज्या दारातून आत आली त्याच्या उलट दारातून तो स्वतः सटकला होता. तोंडाने सांगवेना म्हणून त्याने सर्व्हरला सांगितलं. लग्नाची एवढी वर्षं झाली, पण वाईट बातमी कळवायला त्याला कुओपिओतलं एक यंत्र जवळचं वाटलं.

राइलीने फोन उघडला. तिच्या फोनमध्ये ओमेना अजून जागच्या जागी होती. नाव, कानातला नंबर, वेतांची संख्या, खाली हिरवं बटण. सर्व्हरवरून ती गेली होती, इथून गेली नव्हती. राइलीने गायीकडे पाहिलं. गाय रवंथ करत होती. तिचं मत फोनच्या बाजूचं दिसत होतं.

“कोणता वळू?” हिल्क्काने विचारलं.

“थोडा म्हातारा, पण विश्वासाचा आहे. देखण्यांच्या मागे दोनदा लागून पाहिलं की.”

“माझ्या आईनेही मला हेच सांगितलं होतं,” हिल्क्का म्हणाली. “मी ऐकलं. आणि बघ.”

राइलीने लांब हातमोजा चढवला. पुढचं काम तिने नेहमीसारखंच केलं, घाई न करता, गायीशी हळू आवाजात हवापाण्याचं बोलत. झाल्यावर हिरवं बटण दाबलं. फोनने मुकाट्याने नोंद करून घेतली.

कॉफीला बसल्या तेव्हा हिल्क्काने ओव्हनमधून काढलेला माशाचा पाव मध्ये ठेवला आणि तेवढ्यात ताउनो आला. दारात राइलीचे बूट पाहून तो तिथेच घुटमळला.

“तू आलीस?” त्याने विचारलं.

“आल्यासारखी दिसतेय.”

“मला वाटलं, आज बहुधा येणार नाहीस.”

“का वाटलं?” हिल्क्काने कप ठेवत विचारलं.

“असंच. रस्ते,” ताउनो म्हणाला. बाहेर रस्ता कोरडा ठणठणीत होता.

राइलीने फोन काढला, विमानातून उतरली आणि यानिकाच्या आज्ञेप्रमाणे सिंकचं बटण दाबलं. चाक गरगरलं, थांबलं आणि पडद्यावर एक प्रश्न आला. तिने तो वाचला. मग फोन टेबलावरून ताउनोकडे सरकवला.

“माझा चष्मा गाडीत राहिलाय. वाच बरं काय म्हणतोय.”

चष्मा तिच्या कपाळावर होता. हिल्क्काला तो दिसत होता, ताउनोलाही. कुणी त्याचा उल्लेख केला नाही.

ताउनोने वाचलं. सर्व्हरवर गाय काढून टाकली आहे. फोनवर गाय आज भरवली आहे. कोणती नोंद ठेवायची? खाली दोन बटणं होती. त्याचे कान हळूहळू ओमेनाच्या रंगाचे झाले.

“काय विचारतोय?” हिल्क्का म्हणाली.

“काही नाही. तांत्रिक आहे.”

“मग दाब की. राइलीला पुढे जायचंय.”

“दाबायचंच आहे.”

तो दाबेना. हिल्क्काने पावाचा तुकडा कापला आणि त्याच्या ताटलीत ठेवला. मग हलकेच म्हणाली, “सकाळी तू माझ्या आधी उठलास, ताउनो. फोन घेऊन संडासात बसलास. एवढा वेळ तू तिथे काही वाचत नाहीस.”

राइलीने माशाचा पाव फार लक्ष देऊन खाल्ला.

“वैरण कमी आहे,” ताउनो शेवटी टेबलाला म्हणाला. “दूध नाही. आणि तू रडशील म्हणून सांगितलं नाही.”

“आणि गुरुवारी गाडी दारात आल्यावर काय, मी हसले असते?”

या प्रश्नाला साव्होतसुद्धा दुसरा अर्थ नव्हता. ताउनोने जाडजूड बोट उचललं, नीट नेम धरला आणि फोनवरच्या नोंदीचं बटण दाबलं. चाक पुन्हा गरगरलं. राइलीने फोन घेऊन पाहिला आणि खिशात ठेवला.

“ही तिसरी वेळ,” ताउनो म्हणाला. “चौथी नाही.”

“चौथी कोण मागतंय,” हिल्क्का म्हणाली आणि त्याच्या कपात कॉफी ओतली, इतकी काठोकाठ, की त्याला वाकून प्यावी लागली.

संध्याकाळी यानिकाचा फोन आला. काढून टाकलेली गाय भरवली कशी जाते, हे तिला समजून घ्यायचं होतं.

“मालकाने स्वतः बटण दाबलं,” राइली म्हणाली. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

गुरुवारी गाडी शेजारच्या दोन गायी घेऊन फाटकावरून पुढे निघून गेली. पुढच्या माजाची वेळ आली तेव्हा हिल्क्का दिवसातून कितीदा गोठ्यात जात होती हे ताउनो मोजत नव्हता, कारण तोही तिथेच असायचा. माज दिसला नाही. पण न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. तपासणीशिवाय काही खरं नव्हतं.

राइली तपासायला आली त्या दिवशी ताउनोला गोठ्याच्या दाराची कडी दुरुस्त करायची नेमकी आठवण झाली. तो स्क्रू उलटा फिरवत उभा होता. हिल्क्का गायीच्या डोक्याशी. राइलीचा हात खांद्यापर्यंत आत आणि डोळे छताकडे.

“काय वाटतं?” हिल्क्काने विचारलं.

राइलीने आणखी थोडं चाचपलं. इतक्या वर्षांत तिने या क्षणी लोकांना छळायची चैन कधी सोडली नव्हती. ‘नाही म्हणता येणार नाही’, ‘असायला हरकत दिसत नाही’ अशी ठेवणीतली उत्तरं तिच्याकडे होती. तिने हिल्क्काचा चेहरा पाहिला, मग दारातल्या पाठीकडे पाहिलं. ती पाठ श्वास घ्यायची थांबली होती.

“गाभण आहे,” ती म्हणाली.

एवढं सरळ उत्तर ऐकायची तिघांनाही सवय नव्हती. हिल्क्काने कपाळ गायीच्या कपाळाला टेकवलं. ताउनोने स्क्रूड्रायव्हर खिशात घातला, खोकला, आणि माळ्यावर चढून स्वतःच्या लाडक्या काळ्या गायीसाठी राखून ठेवलेल्या चांगल्या वैरणीचा गठ्ठा खाली लोटून दिला. तो ओमेनासमोर पडला.

“बरं झालं म्हणायला,” तो वरून म्हणाला, “तशी हरकत नाही.”